वही, फोन आणि रोजचा मेळ

रोजच्या कामांची नोंद कागदावर ठेवावी की फोनमध्ये, याविषयी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे. इतर वाचकांनीही ते आधी वाचावे, ही विनंती.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून रोज एस.टी.ने ये-जा करते. पोषण आहाराची माहिती, यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीतल्या नोंदी, केंद्रप्रमुखांचे निरोप, घरची बिले, मुलाची फी अशी सगळी कामे डोक्यात असतात. डायरी लिहिते आणि फोनमध्ये कामांच्या यादीचे ॲपही आहे. काही गोष्टी दोन्हीकडे लिहिल्या जातात, काही एकीकडेच राहतात आणि ऐन वेळी काहीतरी निसटतेच. दोन्हींपैकी एक सोडून द्यावे का? (शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : वही सोडू नका आणि फोनही सोडू नका. साधने दोन असायला हरकत नसते, मात्र एका प्रकारच्या गोष्टीचे घर एकच असावे लागते, आणि ते तुमच्याकडे अजून ठरलेले दिसत नाही. केंद्राची बैठक एकदा डायरीत आणि पुढच्या वेळी ॲपमध्ये लिहिली गेली की दोन्हींवरचा भरवसा उडतो, आणि मग माणूस सगळे पुन्हा डोक्यातच ठेवू लागतो.

वाटणी अशी करा. ज्या गोष्टीला तारीख आणि वेळ आहे ती फोनच्या कॅलेंडरमध्येच लिहायची : शिक्षण परिषद, फी भरण्याची शेवटची तारीख, डॉक्टरांची वेळ, विम्याचा हप्ता. फोनला वाजता येते, दर महिन्याची नोंद तो आपोआप पुढे नेतो आणि एकाच नोंदीला आदल्या दिवशीची एक व तासभर आधीची एक अशा दोन आठवणी लावता येतात. हे कागदाला जमणारे नाही. जे काम करायचे आहे पण त्याचा दिवस ठरलेला नाही, ते वहीत लिहायचे. आणि जे केवळ नंतर शोधल्यावर सापडायला हवे, उदाहरणार्थ परिपत्रकाची पीडीएफ, विद्यार्थ्यांची यादी किंवा वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, ते फोनमधल्या एका ठरलेल्या फोल्डरमध्ये किंवा गूगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये ठेवायचे. कामांच्या यादीच्या ॲपला या वाटणीत जागा उरत नाही. ते काढून टाकले तर तुमचे काही बिघडणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वहीत पुढच्या तारखा कायमच्या ठेवायच्या नाहीत, हा नियम काटेकोरपणे पाळा. त्यासाठी तारखा छापलेल्या डायरीपेक्षा साधी, शिवलेल्या बांधणीची, पर्समध्ये मावेल एवढी वही मला अधिक उपयोगाची वाटते. छापील डायरीत पुढच्या महिन्याचे पान समोर असते आणि हात तिकडे वळतो. शिवाय उन्हाळी सुट्टीतली पाने कोरी जातात आणि जूनमध्ये शाळा उघडली की एका दिवसाला एक पान पुरत नाही. साध्या वहीत तुम्ही आज जेवढे लिहाल तेवढाच आजचा दिवस मोठा. कागद पातळ असेल तर शाईचे पेन मागच्या बाजूला उमटते, म्हणून बॉलपेन वापरावे. महागड्या वहीची गरज नाही.

आता या दोन्हींना जोडायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, आणि बहुतेकांची व्यवस्था इथेच मोडते. आपल्याकडे जुन्या कापड पेढ्यांवर कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने कीर्दीत उतरे, आणि नंतर तिथून ते ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत नेले जाई. रोकड मोजून मेळ बसवल्याखेरीज दिवस संपत नसे आणि दुसऱ्या दिवसाचे पान आदली शिल्लक लिहूनच सुरू होई. तुमची वही ही कीर्द समजा आणि फोन ही खतावणी. दिवसभर जे कानावर पडेल, सुचेल, कोणी सांगेल, ते विचार न करता वहीत आजच्या पानावर एका ओळीत लिहून टाका. केंद्रप्रमुखांनी उभ्या उभ्या सांगितलेली तारीखसुद्धा आधी इथेच येऊ द्या, कारण वर्गात मुलांसमोर फोन काढून कॅलेंडर उघडण्यापेक्षा एक ओळ खरडणे सोपे असते. संध्याकाळी मेळ बसवायचा : तारीख असलेली ओळ फोनमध्ये न्यायची आणि वहीत तिच्यापुढे खूण करायची, झालेल्या कामावर फुली मारायची, राहिलेले काम उद्याच्या पानावर हाताने पुन्हा लिहायचे, आणि शेवटी फोनमध्ये उद्याचा दिवस उघडून तिथल्या वेळा उद्याच्या पानाच्या वरच्या बाजूला उतरवून घ्यायच्या. या कामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. परतीच्या एस.टी.त बसायला जागा मिळाली तर तिथे, नाहीतर जेवण आवरल्यावर ते करावे. वेळ कोणतीही असो, पण रोज तीच असावी.

राहिलेले काम पुन्हा हाताने लिहिण्याचा कंटाळा येईल, आणि तो यावा यातच या पद्धतीचे बळ आहे. अमेरिकी रचनाकार रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये ‘बुलेट जर्नल’ नावाची पद्धत लोकांपुढे ठेवली, तिचाही कणा हाच आहे : कामापुढे ठिपका, झाले की फुली, पुढे नेले की बाणाचे टोक. ॲपमध्ये न झालेले काम आपोआप उद्यावर सरकते आणि महिनाभर सरकतच राहते. त्याची आपल्याला लाजही वाटत नाही आणि आठवणही होत नाही. वहीत तेच काम तिसऱ्यांदा लिहिताना हात थबकतो. अशा वेळी तीनच मार्ग असतात : त्याला दिवस आणि वेळ देऊन फोनमध्ये टाकणे, दुसऱ्या कोणाकडे सोपवणे, किंवा ते करणार नाही असे ठरवून सरळ रेघ मारणे.

काम लिहिताना ते करता येईल अशा शब्दांत लिहा. ‘यू-डायस’ एवढेच लिहिले तर ते रोज डोळ्यांसमोर येईल आणि रोज टाळले जाईल. ‘सातवीच्या मुलांच्या जन्मतारखा रजिस्टरशी पडताळणे, बुधवारी मधल्या सुट्टीत’ असे लिहिले की ते होते. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अपुरे राहिलेले काम माणूस दुसरे काही वाचत असतानाही मनात डोकावत राहते, पण ते केव्हा आणि कसे करणार हे नेमके ठरवले की काम पुरे झालेले नसतानाही तो उपद्रव थांबतो. ‘डोक्यात असतात’ असे तुम्ही ज्या कामांविषयी लिहिले आहे, त्यांना हे तंतोतंत लागू पडते.

राहता राहिले व्हॉट्सॲपचे गट. ‘माहिती आज चारपर्यंत भरावी’ असा निरोप आला की तो तारांकित करून ठेवण्याची सवय अनेकांना असते आणि तारांकित निरोपांची यादी कोणी उघडत नाही. त्याऐवजी वहीत ‘केंद्र गट, ११.२०, पटसंख्या, आज ४ पर्यंत’ अशी ओळ लिहा. निरोप आल्याची वेळ लिहिलेली असली की शंभर निरोपांतून तो शोधायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मी घरून शेंगा चटणी, कडक भाकरी आणि काळा मसाला विकते. काही जण व्हॉट्सॲपवर मागणी देतात, काही फोन करतात, काही दारात येऊन सांगून जातात. दिवाळीत आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत घोटाळा होतो : कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, कोणाचा माल पुण्याला पाठवायचा होता, काहीच कळेनासे होते. भाचा म्हणतो संगणकावर एक्सेल शिक. तेच करावे का? (गृहउद्योजिका, साखर पेठ)

उत्तर : एक्सेल पुढे जरूर शिका, पण आज ते तुमच्या अडचणीवरचे औषध नाही. कुटताना आणि थापताना हात तेलाचे-पिठाचे असतात, आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला संगणक सुरू होईपर्यंत थांबवता येत नाही. तुम्हाला हवी आहे ती मागण्यांची एकच वही, आणि एक कडक नियम : मागणी कोणत्याही वाटेने येवो, वहीत तिचा क्रमांक पडल्याशिवाय ती मागणी नाही.

लांब आकाराची, रेघांची, जाड पुठ्ठ्याची वही घ्या आणि दोन समोरासमोरची पाने मिळून एक तक्ता आखा. डाव्या पानावर क्रमांक, मागणीची तारीख, नाव आणि फोनचे शेवटचे चार आकडे; उजव्या पानावर माल आणि वजन, कधी व कसा द्यायचा, किती रक्कम, आणि पैसे आल्याची खूण. एका मागणीला एकच ओळ. उदाहरणार्थ, क्रमांक ४७ च्या ओळीत ‘शेंगा चटणी १ किलो, कडक भाकरी २५, शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे, निम्मे आले’ एवढे असले की त्या मागणीविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही. क्रमांक वर्षभर सलग चालू द्या, दर महिन्याला एकपासून सुरू करू नका. मग ‘सत्तेचाळीस’ म्हटले की घरातल्या कोणालाही तेच पान उघडता येते. पिशवीवर नाव लिहिण्याआधी हा क्रमांक लिहा. एकाच आडनावाची चार गिऱ्हाइके असली की नावाने अदलाबदल होते, क्रमांकाने होत नाही.

फोनचे काम याच्या पुढचे. तुम्ही साधे व्हॉट्सॲप वापरत असाल तर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. ते मोफत आहे आणि त्यात प्रत्येक संवादाला नवीन मागणी, पैसे बाकी, पैसे मिळाले, मागणी पूर्ण अशी लेबले लावता येतात. मागणी वहीत उतरवली की गिऱ्हाइकाला उत्तरात तिचा क्रमांक, वजन, तारीख आणि रक्कम एवढे लिहून पाठवा. गिऱ्हाइकाने ‘हो’ म्हटले की दोघांचा लेखी करार झाला, आणि ‘मी दोन किलो सांगितले होते’ हा वाद मिटला. फोनवरून मागणी आली असेल तरीही हाच निरोप पाठवा. हात मोकळे नसतील तेव्हा जीबोर्ड या कळफलकावर मराठीत बोलून लिहिण्याची सोय आहे. वजनाचे आकडे मात्र पाठवण्यापूर्वी एकदा डोळ्यांखालून घाला.

पैशांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागेल. गिऱ्हाइकाने पाठवलेला पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असे नाही, कारण तसे चित्र बनवता येते. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसली तरच वहीत खूण करा. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार अंक त्या ओळीत लिहून ठेवले की सहा महिन्यांनीही तो व्यवहार शोधता येतो. जमले तर धंद्यासाठी बँकेचे वेगळे खाते ठेवा, कारण घरचे आणि धंद्याचे पैसे एकाच यादीत मिसळले की महिन्याचा हिशेब कोणालाच लावता येत नाही.

माल कधी द्यायचा याची तारीख वहीतच राहील, आणि पहिल्या पत्राच्या उत्तरातील नियमाला इथे अपवाद करावा लागतो, कारण मागणीचे सगळे तपशील एका ओळीत राहणे अधिक महत्त्वाचे आहे. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवशी फक्त ‘४७, ४९, ५२ पाठवणे’ एवढे लिहा. बाजाराला जाण्याच्या आदल्या रात्री पुढच्या आठवड्याच्या सगळ्या ओळी वाचून कोणत्या वस्तूची किती मागणी आहे याची बेरीज करा. शेंगदाणे, तिखट, लसूण, ज्वारी किती आणायची हे त्या बेरजेवरूनच ठरवा, अंदाजाने नव्हे. आणि भरलेली वही कधीही टाकू नका. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आणि जानेवारीत यात्रेच्या आठवड्यात कोणत्या मालाला किती मागणी आली, हे तुमच्या त्या पानांइतके खरे दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. भाच्याकडून एक्सेल शिकायचे ते तेव्हा, त्या पानांची वर्षअखेरची बेरीज करायला.

प्रश्न : आम्ही दोघेही सत्तरीच्या पुढचे असून विजापूर रस्त्याला राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आम्ही दूध, गॅस, नळाच्या पाण्याचे दिवस, डॉक्टरांच्या तारखा आणि घरातल्या तिथी लिहितो. मुलगा म्हणतो की आता हे सगळे फोनमध्ये ठेवा. आम्हाला ते जड जाते. (सेवानिवृत्त दांपत्य)

उत्तर : भिंतीवरचे पान काढू नये. १९७३ पासून मराठी घरांत असलेली ही दिनदर्शिका आपल्या हाताखालची आहे. घरात येणाऱ्या प्रत्येकाला, काम करायला येणाऱ्या बाईंनासुद्धा, तिच्यावरचे कोणालाही न विचारता वाचता येते. फोनमधली नोंद फक्त फोनच्या मालकाला दिसते. मुलाच्या सांगण्यात जेवढे तथ्य आहे तेवढे मात्र घ्यावे.

आपण लिहिलेल्या गोष्टींमध्ये तिथी तर फोनकडे सोपवूच नयेत. गूगल कॅलेंडरमध्ये एखादी नोंद दरवर्षी पुन्हा येऊ दे असे सांगितले तर ती इंग्रजी तारखेनेच येते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे तीच तिथी पुढच्या वर्षी साधारण अकरा दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक महिना आला तर अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते. आई-वडिलांचे श्राद्ध किंवा तिथीने केला जाणारा वाढदिवस फोनमध्ये ‘दरवर्षी’ म्हणून टाकला तर पहिल्याच वर्षी चुकेल. (संक्रांत सूर्याच्या राशिसंक्रमणावर ठरते, म्हणून सिद्धरामेश्वरांची यात्रा मात्र दरवर्षी जानेवारीच्या मध्यालाच असते.) यासाठी एका वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या सगळ्या तिथींची महिना, पक्ष आणि तिथी अशी यादी करून ठेवावी. डिसेंबरात नवे कालनिर्णय घरी आले की एका दुपारी ती यादी समोर ठेवून त्या वर्षीच्या तारखा शोधाव्यात, भिंतीवरच्या पानांवर खूण करावी आणि मुलाला फोनवरून सांगून त्याच्या कॅलेंडरमध्येही लिहून घ्यायला लावाव्यात. घरच्या तिथी पुढच्या पिढीकडे जाण्याचीही ही सरळ वाट आहे.

नळाचे पाणीही कॅलेंडरला पेलणारे नाही. उजनी धरणातून येणारे पाणी बऱ्याच भागांत काही दिवसांआड सुटते, आणि एखादी जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की सगळे वेळापत्रक एका दिवसाने सरकते. ‘दर पाच दिवसांनी’ अशी नोंद फोनमध्ये केली की पहिल्याच खंडानंतर ती कायमची चुकीची होते. भिंतीवर मात्र पाणी प्रत्यक्ष ज्या दिवशी आले त्या चौकोनात खूण करून तिथून पुढे मोजता येते. आपण आजवर हेच करत आला आहात, तेच योग्य आहे.

फोनने करायच्या गोष्टी दोनच. पहिली, औषधांची वेळ. त्यासाठी नवे ॲप न घेता फोनच्या घड्याळातला गजर लावावा आणि त्याला ‘रक्तदाबाची गोळी, जेवणानंतर’ असे नाव द्यावे. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी न वापरलेली ॲपे मागच्या मागे बंद करतात आणि मग त्यांच्या आठवणी वाजतच नाहीत. घड्याळाचा गजर सहसा त्यातून वाचतो. गजर बंद केला म्हणजे गोळी घेतली असे होत नाही, म्हणून आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी वापरावी. कप्पा रिकामा दिसला की शंका राहत नाही. दुसरी गोष्ट, डॉक्टरांच्या तारखा. मुलाने संगणकावर ‘आई-बाबा’ नावाचे वेगळे कॅलेंडर तयार करून आपल्या दोघांच्याही फोनला जोडून द्यावे आणि तिन्ही फोनवर त्याची आठवण लावावी. आपण तारीख भिंतीवर लिहून त्या पानाचा फोटो त्याला पाठवावा आणि फोनमध्ये नोंद त्याने करावी. आदल्या दिवशी तिघांचेही फोन वाजतील, आणि रजा काढून येणे त्याला आधीच ठरवता येईल.

प्रश्न : मी राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करत आहे. मित्र फोनमध्ये टिपणे काढतात आणि टेलिग्रामवरच्या पीडीएफ जमवतात. मी वहीत लिहितो, पण सात-आठ वह्या झाल्यावर काहीच सापडत नाही. कोणाचे बरोबर? (विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : म्यूलर आणि ओपेनहायमर यांच्या २०१४ च्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणे काढणारे विद्यार्थी शब्दशः उतरवून घेताना आणि संकल्पना विचारणाऱ्या प्रश्नांत मागे पडताना दिसले होते. तोच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा केला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले : शब्दशः उतरवण्याची सवय पुन्हा दिसली, गुणांतला फरक मात्र दिसला नाही. तेव्हा केवळ हाताने लिहिल्यामुळे गुण वाढतील असे मी सांगणार नाही. माझे मत तरीही वहीच्या बाजूचे आहे, कारण तुमची मुख्य परीक्षा लेखी आहे, आणि हात सावकाश चालत असल्यामुळे काय लिहायचे व काय गाळायचे हे आधी ठरवावे लागते.

सापडत नाही, यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक वहीला क्रमांक द्या, प्रत्येक पानाला क्रमांक द्या, आणि वहीत विषयानुसार जागा सोडत बसू नका; जे वाचाल ते पुढच्या कोऱ्या पानावर. मग फोनमध्ये एकच फाईल ठेवा आणि रोज रात्री त्यात एक-दोन ओळी टंकित करा : ‘पंचायत राज, ७३वी घटनादुरुस्ती, वही ३, पान ४१’. त्याच विषयावर पुन्हा लिहिले तर त्याच ओळीत ‘वही ६, पान १२’ जोडा. शोधण्याचे काम फोन करेल आणि मजकूर कागदावर राहील. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्यांचा संग्रह निव्वळ क्रमांकांच्या आणि परस्परसंदर्भांच्या आधारे आयुष्यभर चालवला. तुमच्या आठ वह्या त्यापुढे काहीच नाहीत.

चालू घडामोडी मात्र फोनमध्येच ठेवा, कारण त्या बदलतात आणि दुरुस्त कराव्या लागतात. पीडीएफ जमवण्याविषयी एवढेच सांगतो की आठवडाभरात न उघडलेली फाईल पुसून टाका. ती पुन्हा मिळते, वेळ मिळत नाही. अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत असावा, आणि सूचीची फाईल भरण्यापुरताच रात्री हातात यावा.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. खिशात छोटी वही असते, तिच्यात सगळे असते. ती हरवली तर किंवा फोन बिघडला तर काय, याची धास्ती वाटते. (वाचक, अशोक चौक)

उत्तर : दर शनिवारी सुट्टी होण्यापूर्वी त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढा आणि गूगल ड्राइव्हमध्ये महिन्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका, ड्राइव्हच्या ॲपमध्ये कागद स्कॅन करण्याची सोय आहे, त्यात पाने सरळ आणि स्वच्छ येतात. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि ती ईमेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांत मिळून वापरली जाते, तेव्हा जागा भरत आली असेल तर जुने व्हिडिओ आधी काढा. फोनच्या सेटिंगमध्ये संपर्क आणि कॅलेंडर गूगल खात्याशी जोडलेले आहेत का ते आजच पाहा. जोडलेले असतील तर नव्या फोनवर तेच खाते उघडल्यावर दोन्ही परत येतात.

त्या खात्याचा पासवर्ड मात्र खिशातल्या वहीत लिहू नका. गूगल खात्याची दुहेरी पडताळणी सुरू केली की फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड मिळतात. ते कागदावर उतरवून घरी रेशनकार्डाच्या फाईलमध्ये ठेवा आणि ते तिथे आहेत हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर नाव आणि पत्ता न लिहिता फक्त घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी फोन क्रमांक लिहा, कारण तुमचा स्वतःचा फोन त्याच खिशातून वहीबरोबर गेलेला असू शकतो.